कंपनी एकच, पण थिंकपॅड वेगळा आणि आयडियापॅड वेगळा

"भाऊ, डेल घेऊ का एचपी?" जळगावच्या गोलाणी मार्केटपासून सावद्याच्या केळीच्या पेढीपर्यंत हा प्रश्न सगळीकडे ऐकू येतो. उत्तरं देणारे दोन असतात. एक म्हणतो, त्या कंपनीचा लॅपटॉप सात वर्षं झाली, काही झालं नाही. दुसरा म्हणतो, त्याच कंपनीचा माझा दीड वर्षात बिजागरीतून फाटला. दोघंही खरं बोलतात. दोघांनी एकाच कंपनीच्या दोन वेगळ्या मालिका घेतलेल्या असतात, पण मालिकेचं नाव कोणी विचारत नाही. हा घोळ इतक्यांदा पाहिला आहे की आता सविस्तर लिहायलाच हवं.

खाली लिहिलंय ते अशा माणसासाठी, जो महिन्या-दोन महिन्यांतून एकदा भुसावळहून मुंबईची किंवा तापी लाइनने सुरतची गाडी धरतो, व्यापाऱ्यांना भेटतो, मुक्कामी टॅली उघडतो, ई-वे बिल काढतो, एक्सेलचा हिशोब मेल करतो. बजेट पंचवीस ते पस्तीस हजार.

घरगुती मालिका तुम्हाला माहीत आहेच. दुकानात काचेत मांडलेले असतात ते हेच: डेल इन्स्पिरॉन, एचपी पॅव्हिलियन, एचपी 15, लेनोवो आयडियापॅड, एसर अस्पायर. त्यावर जास्त बोलत नाही.

कचेरीची मालिका म्हणजे डेल लॅटिट्यूड, एचपी एलीटबुक, लेनोवो थिंकपॅड. नवा घ्यायला गेलात तर ती तुमच्या बजेटच्या दुप्पट-तिप्पट जाते, म्हणून आपल्याकडच्या दुकानांत ती मांडतच नाहीत. पण मोठ्या कंपन्या हे लॅपटॉप तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर शेकड्यांनी घेतात आणि करार संपला की परत करतात. तो माल तपासून, साफ करून रिफर्बिश्ड म्हणून विकला जातो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचं नेहरू प्लेस त्यासाठी प्रसिद्ध आहेत. आपल्या बजेटात बसतो तो हा माल.

मधल्या नावांचा घोळ एका दमात संपवतो. लेनोवोचा थिंकबुक हा थिंकपॅड नव्हे. डेलचा व्होस्ट्रो छोट्या धंद्यासाठी म्हणून विकला जातो, पण बांधणी इन्स्पिरॉनच्या जवळची. थिंकपॅडमध्ये टी मालिका वरची, ई आणि एल खालची. एचपीत प्रोबुक हा एलीटबुकच्या खाली. डेलने 2025 मध्ये नावं बदलली: नुसतं 'डेल' म्हणजे घरगुती, 'डेल प्रो' म्हणजे आधीचा लॅटिट्यूड.

आता खरी गोष्ट. लोक दोन्हींची तुलना दुकानातल्या माहितीच्या कार्डावरच्या आकड्यांनी करतात: प्रोसेसर कोणता, रॅम किती, एसएसडी किती. आकड्यांत नवा घरगुती लॅपटॉप जिंकतो, हे मी आधीच कबूल करतो. इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं घ्या: 12व्या पिढीचा नवा आय3 हा 8व्या पिढीच्या जुन्या आय5 पेक्षा सरळ वेगवान आहे. पण टॅली आणि एक्सेलला तो वेग लागतच नाही. प्रवासात लॅपटॉप हळू चालतो म्हणून कोणाचं काम अडलेलं मी पाहिलं नाही. अडतं ते बिजागरी तुटते, चार्जिंगची पिन हलते, कीबोर्डवर चहा सांडतो, बॅटरी फुगते म्हणून. यातलं एकही कार्डावर छापलेलं नसतं. एकच कंपनी स्कूटरही बनवते आणि मालवाहू रिक्षाही. इंजिनाचे आकडे पाहून कोणी दोन्हींत गोणी भरत नाही.

घरगुती लॅपटॉपची किंमत कमी ठेवायची असते, आणि कार्डावरचे आकडे कापले तर गिऱ्हाईक वळतं. मग काटछाट होते ती न दिसणाऱ्या जागी. स्वस्त मॉडेलमध्ये बिजागरीचे स्क्रू बऱ्याचदा प्लास्टिकच्या अंगात बसवलेल्या बारीक पितळी नटांत जातात. रोज उघडझाप, वर बॅगेतली दाबादाबी. एक दिवस नट प्लास्टिकसकट उपटून येतो आणि झाकण उघडताना बॉडीच फाकते. कचेरीच्या मालिकेत बिजागरी बहुतेक धातूच्या सांगाड्याला धरलेली असते. थिंकपॅडच्या कीबोर्डखाली सांडलेलं पाणी बाहेर जायला वाटा ठेवलेल्या असतात. रेल्वेच्या डब्यात चहाचा कप मांडीवर असतो, तेव्हा याची किंमत कळते.

याहून मोठा फरक सुट्या भागांचा आहे, आणि खान्देशातल्या माणसाने तो सगळ्यात आधी पाहावा. घरगुती मॉडेल दर काही महिन्यांनी बदलतं. बाहेरून तोच दिसणारा लॅपटॉप आत वेगळा बोर्ड, वेगळी वायरची पट्टी, वेगळी बॅटरी घेऊन येतो. दोन वर्षांनी तुम्ही चोपड्याच्या किंवा नंदुरबारच्या कारागिराकडे गेलात तर तो चांगला असूनही हात वर करतो, कारण नेमका तो भाग मिळत नाही. लॅटिट्यूड 5400 किंवा थिंकपॅड टी480 यांसारखं मॉडेल मात्र कंपन्यांना एकसारखंच हवं असतं. आराखडा बदलत नाही, माल प्रचंड विकला जातो, आणि बंद पडलेल्या मशीनमधून कीबोर्ड, स्क्रीन, बिजागऱ्या वर्षानुवर्षं बाजारात येत राहतात. आपल्या गावचा कारागीर असा भाग कुरिअरने मागवून जागच्या जागी बसवू शकतो.

खोलायलाही सोपं असतं. टी480 ला एक बॅटरी आत आणि दुसरी मागून खटका दाबून काढता येणारी. रॅमचे दोन स्लॉट, दोन्हींतली रॅम काढून बदलता येते. लॅटिट्यूड 5400 आणि एलीटबुक 840 जी5 यांतही रॅम बदलता येते. पण 'थिंकपॅड आहे म्हणजे सगळं निघतं' असंही समजू नका. एक्स1 कार्बन दिसायला देखणा, पण त्याची रॅम बोर्डावरच पक्की केलेली. तो घ्यायचाच तर 16 जीबीचा घ्या.

जुन्या मालात फसवणूक होते ती प्रोसेसरच्या पिढीवरून. 'आय5 आहे, बिनधास्त घ्या' हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. सातव्या पिढीच्या आय5-7200यू ला दोनच कोअर, म्हणजे काम करणारे गाभे, पुढच्याच पिढीच्या आय5-8250यू ला चार. विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला इंटेलमध्ये साधारणपणे 8वी पिढी किंवा पुढचीच चालते. तरी सहावी-सातवी पिढी, त्यात जुगाडाने विंडोज 11 टाकून, 'एकदम मस्त' म्हणून विकली जाते. त्यावर तुम्ही बँकेची नेट बँकिंग उघडणार. असली जुनी पिढी फुकट मिळाली तरी धंद्यासाठी घेऊ नका. 8वी पिढी ही खालची रेघ. 10वी-11वी मिळाली तर चार पैसे जास्त द्या.

बाकीचं पटकन. रॅम 8 जीबी किमान. डिस्क एसएसडीच. स्क्रीन फुल एचडी मागा, कारण जुन्या लॅटिट्यूडमध्ये 1366 बाय 768 चा फिका पडदाही निघतो. 14 इंच प्रवासाला बरा, 15.6 इंचाचा टेबलावरच शोभतो. आणि 'मिलिटरी ग्रेड'च्या स्टिकरवर एक रुपया जास्त देऊ नका, ते आता कशावरही चिकटवतात.

चार्जिंग मात्र नीट पाहा. यूएसबी-सी वर चार्ज होणारा घेतलात तर 65 वॉटचा एकच चार्जर फोनला आणि लॅपटॉपला पुरतो. रात्री 11 ते पहाटे 5 डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचा रेल्वेचा नियम आहे, म्हणून बॅटरी गाडीत चढण्याआधीच भरलेली हवी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 ला टेकतो. त्या दिवसांत उभ्या कारमध्ये लॅपटॉप ठेवून बाजार समितीत जाऊ नका. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेसारखा शत्रू नाही.

रिफर्बिश्ड घेताना दुकानातच अर्धा तास बसा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport ही कमांड चालवा आणि तयार होणाऱ्या अहवालात 'डिझाइन कपॅसिटी'शी (नवी असतानाची क्षमता) 'फुल चार्ज कपॅसिटी' (आताची क्षमता) ताडून बघा. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत वजा करून मागा. बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सेटिंग, उघडून पाहा, पासवर्ड मागितला तर मशीन परत ठेवा. विंडोज पुन्हा टाकल्यावर कुठल्यातरी कंपनीचं लॉगिन मागत असेल तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या नावावर नोंदलेलं आहे, तेही नको.

नवा घरगुती लॅपटॉप कोणी घ्यावा? ज्याचा लॅपटॉप घरातून फारसा हलणार नाही आणि मुलांनाही वापरायचा आहे, त्याने जरूर घ्यावा. फक्त सेलेरॉन हा इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर टाळा, आणि वॉरंटी ऑनसाइट (कारागीर घरी येतो ती) आहे की कॅरी-इन हे विचारा. कॅरी-इन असेल तर बिघडलेलं मशीन घेऊन सर्व्हिस सेंटर तुम्हालाच गाठावं लागतं, आणि शहाद्याहून किंवा रावेरहून त्यात अख्खा दिवस जातो.

घेताना पक्कं बिल मागा. त्यावर पूर्ण मॉडेल, सिरियल नंबर आणि दुकानाच्या वॉरंटीचे महिने लिहून घ्या. 'आय5 लॅपटॉप, 1 नग' एवढंच लिहिलेलं बिल घेऊन बाहेर पडू नका.