पिगफर्ड खटला आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय शेतकरी

पिगफर्ड विरुद्ध ग्लिकमन हा कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी अमेरिकेच्या कृषी खात्यावर 1997 साली भरलेला खटला, सरकारी मदतीत वर्णभेद कसा चालायचा ते कळायला याच्याइतकं नीट उदाहरण दुसरं नाही. 1920 मध्ये तिथे 9 लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते, 1997 च्या कृषी गणनेत 20 हजारही उरले नव्हते. शेती गोऱ्यांचीही सुटली पण यांची कितीतरी जास्त वेगाने.

1933 पासूनच बघा, कापसाचा पेरा कमी करायला सरकारने पैसे दिले ते जमीनमालकांच्या हातात, आणि वाट्याने कसणाऱ्या हजारो कुटुंबांना, त्यात कृष्णवर्णीय खूप, मालकांनी सरळ हुसकून लावलं.

पुढे कर्जाचं बघा. यांना देऊ नका असं कायद्यात कुठेच नव्हतं, खरी गोम काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) ऑफिसात होती. निर्णय स्थानिक कमिटीच्या हातात आणि दक्षिणेत कमिटीवर जवळपास सगळे गोरेच. अर्ज महिनोन्महिने पडून राहायचा, कर्ज मंजूर झालं तरी पैसे पेरणीचे दिवस उलटून गेल्यावर मिळायचे, वर बऱ्याच जणांचं खातं असं की अधिकाऱ्याची सही झाल्याशिवाय बियाणं-खताला पैसे काढता येत नसत. पेरणी हुकली की वर्ष गेलं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको, मग हप्ते थकतात आणि जमीन लिलावात निघते. तक्रार करावी तर 1983 मध्ये खात्याचं नागरी हक्क ऑफिसच मोडीत काढलेलं.

1999 च्या तडजोडीत बहुतेकांना प्रत्येकी 50 हजार डॉलर आणि कर्जमाफी असं ठरलं. 22 हजारांवर दावे आले, त्यातले साधारण 15 हजार मान्य झाले, पण मुदत चुकलेले हजारो लोक बाहेरच राहिले, त्यांच्यासाठी 2010 मध्ये आणखी सव्वा अब्ज डॉलर मंजूर करावे लागले. आणि 50 हजारांत गेलेली जमीन परत येत नाही, हे स्पष्ट म्हटलंच पाहिजे.

2021 मध्ये कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक शेतकऱ्यांसाठी सुमारे 4 अब्ज डॉलरची कर्जमाफी आली, गोरे शेतकरी कोर्टात गेले, स्टे मिळाला, आणि 2022 मध्ये ती तरतूदच रद्द झाली. त्याऐवजी भेदभाव सोसलेल्यांना, वर्ण न बघता, भरपाई द्यायची योजना आली, त्यातून 2024 मध्ये 43 हजारांवर लोकांना सुमारे 2 अब्ज डॉलर मिळाले.