जुन्या गाड्यांचा फ्युएल पंप : मेकॅनिकल की इलेक्ट्रिक

टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) फ्लोट चेंबरपर्यंत, म्हणजे त्यातल्या पेट्रोल साठवणाऱ्या छोट्या कप्प्यापर्यंत पोचवणारा पंप म्हणजे फ्युएल पंप. (मराठीत पेट्रोल पंप म्हटलं की पेट्रोल भरायची जागाच डोळ्यासमोर येते, म्हणून या नोंदीत फ्युएल पंप हाच शब्द ठेवलाय.) कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीत याचे दोन प्रकार सापडतात, इंजिनच्या कॅमशाफ्टवर (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) चालणारा मेकॅनिकल आणि बॅटरीवर चालणारा इलेक्ट्रिक, आणि मेकॅनिकल काढून इलेक्ट्रिक लावावा का हा प्रश्न अशी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकासमोर कधी ना कधी येतोच.

उगम

सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांना पंप नव्हताच. टाकी कार्ब्युरेटरपेक्षा उंचावर, पेट्रोल आपल्या वजनाने खाली. फोर्डच्या मॉडेल टी ची टाकी बराच काळ सीटखाली होती, त्यामुळे खडा चढ लागला आणि टाकी अर्धीमुर्धी असली की कार्ब्युरेटर टाकीतल्या पेट्रोलच्या पातळीपेक्षा वर जायचा आणि पेट्रोल बंद, मग गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढायचा. पुढे टाकी मागे गेली तेव्हा व्हॅक्युम टाकी आली, अमेरिकेत स्टुअर्ट वॉर्नरची, ब्रिटनमध्ये ऑटोव्हॅक. इंजिनच्या मॅनिफोल्डमधल्या (मिश्रण आत नेणारा पाइप) व्हॅक्युमने पेट्रोल ओढून बॉनेटखालच्या छोट्या टाकीत साठवायचं आणि तिथून उताराने कार्ब्युरेटरला. यात खोट अशी की लांब चढावर थ्रॉटल पूर्ण उघडं असताना व्हॅक्युमच पडतो, म्हणजे पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच ते कमी मिळतं.

मेकॅनिकल हा जुना आणि इलेक्ट्रिक ही नंतरची सुधारणा असं सर्रास लिहिलेलं दिसतं. ते पटत नाही. एसी कंपनीचे डायफ्राम (लवचिक पडदा) असलेले पंप अमेरिकन गाड्यांत 1920 च्या दशकाच्या शेवटी शेवटी आले आणि ब्रिटिश एसयू कंपनीचा पेट्रोलिफ्ट हा इलेक्ट्रिक पंपही साधारण 1929 च्या सुमाराचा, म्हणजे दोघं जवळपास एकाच वयाचे. पेट्रोलिफ्टच्या जागी लवकरच एसयू चा डायफ्रामवाला इलेक्ट्रिक पंप आला आणि तोच घाट पुढे मॉरिस मायनर, एमजी, जॅग्वार अशा गाड्यांत दशकानुदशकं राहिला. उलट फोर्डने 1932 च्या व्ही 8 ला कॅमशाफ्टवरचा पंप दिला आणि फोक्सवॅगन बीटलने मेकॅनिकलच धरला. तेव्हा कुठला पंप ‘ओरिजिनल’ हे गाडीच्या वयावर नाही, मेकवर ठरतं.

कामाची रीत

मेकॅनिकल पंपात कॅमशाफ्टवरचा उंचवटा लिव्हर ढकलतो, लिव्हर डायफ्राम खाली ओढतो आणि पेट्रोल आत येतं. पेट्रोल पुढे ढकलण्याचं काम मात्र लिव्हर करत नाही, ते डायफ्रामखालची स्प्रिंग करते, आणि इथेच सगळी गंमत आहे. फ्लोट चेंबर भरला की नीडल, म्हणजे तरंगणाऱ्या फ्लोटने दाबली जाणारी सुई, पेट्रोलची वाट बंद करते, डायफ्राम खालीच थांबतो आणि लिव्हर नुसता रिकामा हलत राहतो. म्हणून इंजिन कितीही पळवलं तरी प्रेशर त्या स्प्रिंगच्या ताकदीबाहेर फारसं जात नाही. एसयू इलेक्ट्रिक पंपातही ढकलणारी स्प्रिंगच, फक्त डायफ्राम ओढायला लिव्हरच्या जागी कॉइल आणि करंट जोडतोड करणारे काँटॅक्ट पॉइंट. नंतरच्या फॅसेटसारख्या सॉलिड स्टेट (इलेक्ट्रॉनिक) पंपात पॉइंट जाऊन आतबाहेर करणारा प्लंजर आला. होलीसारखे रोटरी पंप वेगळे, त्यांच्यातल्या मोठ्यांना प्रेशर आवरणारा रेग्युलेटर लागतोच.

एसयू पंपाचा आवाज ऐकायला शिकावं. चावी फिरवली की भराभर टकटक, फ्लोट चेंबर भरत आला की मंद, मग शांत. शांत न होता भराभर वाजतच राहिला तर टाकी रिकामी किंवा मागच्या पाइपातून हवा ओढतोय. इंजिन बंद असताना थांबून थांबून एखादा टक आला तर नीडल नीट बसत नाही किंवा पंपाचाच व्हॉल्व्ह गळतोय. एवढं निदान मेकॅनिकल पंप बसल्या जागी देत नाही.

प्रेशर आणि पुरवठा

निवड करताना लोक जास्त पुरवठ्याच्या मागे लागतात, खरं बघायचं ते प्रेशर. एसयू कार्ब्युरेटरला 2 ते 3 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), वेबरला 3 च्या आसपास, मोठ्या अमेरिकन कार्ब्युरेटरना 5 ते 7. याच्या वर गेलं की फ्लोटला नीडल दाबून धरता येत नाही, पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन गरम इंजिनवर पडतं आणि आग लागू शकते. पुरवठ्याचा हिशोब सोपा आहे, 100 हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण 30 लिटर घेतं, आणि रोजच्या चालवण्यात त्याच्या पाव भागानेही भागतं. चांगल्या अवस्थेतला मूळ पंप याला पुरून उरतो. फ्युएल इंजेक्शनची गोष्ट निराळी, बॉशच्या डी जेट्रॉनिक या इंजेक्शन सिस्टिमला 2 बारच्या आसपास म्हणजे सुमारे 29 पीएसआय लागतं, तिथे इलेक्ट्रिकला पर्याय नाही.

व्हेपर लॉक

व्हेपर लॉक म्हणजे पेट्रोलची पाइपातच वाफ होऊन पुरवठा अडणं, इलेक्ट्रिक लावायचं सगळ्यात मोठं कारण हेच सांगतात. मेकॅनिकल पंप इंजिनला चिकटलेला, तो पेट्रोल ओढतो, ओढलं की पाइपात प्रेशर कमी होतं आणि प्रेशर कमी झालं की पेट्रोल कमी तापमानाला उकळतं. आधीच पेट्रोलमधले सगळ्यात हलके घटक 35 ते 40 अंशाच्या आसपास उडायला लागतात. त्यात थोडं इथेनॉल मिसळलं की बाष्पदाब साधारण 1 पीएसआयने वाढतो. टाकीजवळचा इलेक्ट्रिक पंप पेट्रोल ढकलतो, सबंध पाइप दाबाखाली राहतो आणि वाफ धरत नाही. इथवर सगळ्यांचं एकमत.

मतभेद आहेत ते पुढे. गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी सेल मारली की सुरू होत नाही, ही तक्रार सरसकट व्हेपर लॉकच्या नावावर जाते, पण बरेचदा पेट्रोल पाइपात नाही तर फ्लोट चेंबरमध्येच उकळलेलं असतं आणि मॅनिफोल्डमध्ये गळून मिक्श्चरमध्ये पेट्रोल जास्त झालेलं असतं. त्यावर पंप बदलून काही होत नाही, कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारं जाड पॅकिंग आणि हीट शील्ड लागतं. दुसरं कारण म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचा जुना रबरी पाइप. तडा इतका बारीक की पेट्रोल बाहेर येत नाही पण हवा आत जाते. इलेक्ट्रिक लावताना तो पाइप बदलला जातो आणि श्रेय पंपाला मिळतं. म्हणून आधी पाइप, क्लिपा आणि उष्णता बघावी, प्रेशर गेजने मोजावं, पंपाचा निर्णय त्यानंतर, हा क्रम जास्त बरोबर वाटतो. टाकीकडे परतीचा बारीक पाइप टाकला तरी पेट्रोल फिरतं राहतं आणि पुष्कळ फरक पडतो, मूळ पंप न काढता.

बदलताना

मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम फाटला तर पेट्रोल पंपाच्या अंगावरच्या बारीक भोकातून ठिबकतं किंवा सरळ इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालवू नये, बेअरिंग जातील. हल्लीच्या पेट्रोलला टिकणारा डायफ्राम टाकून पंप पुन्हा बांधता येतो आणि पुढची कित्येक वर्षं चालतो.

गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहत असेल तर फ्लोट चेंबर वाळतो आणि तो भरेपर्यंत स्टार्टर मारत बसावं लागतं, 6 व्होल्टच्या गाडीला हे फारच जड. तिथे टाकीजवळ छोटा प्लंजरवाला पंप फक्त भरण्यापुरता लावणं सोयीचं, कारण बंद असतानाही त्यातून पेट्रोल जाऊ शकतं, रोटरीतून सहसा नीट जात नाही. मात्र दोन्ही पंप एकामागे एक असतील तर मेकॅनिकलचा डायफ्राम ठणठणीत हवा, नाहीतर इलेक्ट्रिक पंप सगळं पेट्रोल ऑइलमध्येच भरेल.

1930 ते 50 च्या दशकांतल्या कित्येक अमेरिकन गाड्यांत मेकॅनिकल पंपालाच व्हॅक्युमचा दुसरा भाग जोडलेला असतो आणि वायपर त्यावर चालतात, पंप काढला की चढावर वायपर मंदावतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं, तिथे निगेटिव्ह अर्थचा सॉलिड स्टेट पंप उलटा जोडला तर जागीच जळतो. पॉइंटवाल्या मूळ एसयू ला दोन्ही चालतं.

इंजिन थांबलं की मेकॅनिकल पंप आपोआप थांबतो. इलेक्ट्रिक थांबत नाही, अपघातात पाइप तुटला तरी इग्निशन चालू असेपर्यंत पेट्रोल ओतत राहतो. म्हणून रिले, फ्यूज आणि धक्का बसल्यावर करंट तोडणारा स्विच किंवा ऑइल प्रेशरवरचा स्विच, एवढं लावल्याशिवाय इलेक्ट्रिक पंप बसवूच नये.