रविवारच्या ड्राइव्हला येताय? मग गाडी आधी एकदा नीट तापवून घ्या

नमस्कार मंडळी,

थंडी पडायला लागली की आमच्या जुन्या, क्लासिक गाड्यांच्या गॅरेजचा फोन सुरू होतो आणि बोलणं साधारण एकच असतं, यंदाची पुण्याहून मांढरदेवीमार्गे वाईची ड्राइव्ह कधी, आपली गाडी एकदम तयार आहे, फक्त बॅटरी टाकायचीय. या "फक्त बॅटरी टाकायचीय"साठीच हा कागद छापलाय. दरवेळी फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो आणि शेवटी रविवारी सकाळी ऐन घाटात तेच घडतं. चोक कशाला असतो आणि डबल क्लच कसा मारायचा हे तुम्हाला सांगायची गरज नाही, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

होतं काय, तर पावसाळाभर गाडी पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी असते. शनिवारी संध्याकाळी नवीन बॅटरी येते, पाच लिटर पेट्रोल पडतं, सेल्फ मारला की चालू होते, सोसायटीत दोन चकरा होतात, शेजारचे बघायला येतात, व्हिडिओ ग्रुपवर पडतो. रविवारी पहाटे टाकी फुल करून गाडी थेट आमच्या लाइनीत. अशी गाडी खेड शिवापूरपर्यंत गुण्यागोविंदाने येते, कापूरहोळला वळते, भोरपर्यंतसुद्धा तक्रार करत नाही, आणि मांढरदेवीचा चढ लागला की दोन-चार वळणांत मिसिंग मारायला, म्हणजे अडखळायला लागते आणि उभी राहते. मागच्या सगळ्या गाड्या मग त्याच चढावर थांबतात, आणि थांबलेल्या जुन्या गाड्या तापतात, म्हणजे एकाचं दुखणं चौघांना.

हे घाटातच का होतं ते समजून घ्या. उभ्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल उडून जातं, खाली चिकट गाळ राहतो, टाकीच्या वरच्या कोरड्या भागाला आतून गंज धरतो. सोसायटीत चक्कर मारताना इंजिन पेट्रोल पितं घोटभर, तेवढं अर्धवट तुंबलेल्या फिल्टरमधूनही मिळतं. चढावर सेकंड गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबून धरला की मागणी कितीतरी पट वाढते, त्यात पहाटे फुल केलेल्या टाकीने तळाचा सगळा कचरा ढवळून ठेवलेला असतो. रेडिएटरचं तसंच. आत क्षार साचलेला असला तरी दहा मिनिटं आयडलिंगवर टेंपरेचरचा काटा जागचा हलत नाही, घाटात मात्र लालला टेकतो. ब्रेकच्या व्हील सिलिंडरमधला पिस्टन गंजून अडकला असेल तर पार्किंगमध्ये पेडल छान लागतं, पण वीस-पंचवीस किलोमीटरनंतर एका चाकाचा ब्रेक ड्रम तापून हात लावू देत नाही. गाडी पूर्ण तापल्याशिवाय यातला एकही रोग बाहेर पडत नाही, म्हणून स्टार्ट झालेली गाडी आणि ड्राइव्हला तयार असलेली गाडी यात आम्ही फरक करतो.

एका ड्राइव्हला एक लाल एमजीबी, ती जुनी ब्रिटिश स्पोर्ट्सकार, अशीच चढावर बसली. मालकांचं म्हणणं, इग्निशनचा प्रॉब्लेम आहे, नवीन कॉइल टाकली तीच खराब निघाली. आमच्या गॅरेजच्या पोराने पेट्रोल फिल्टरची काचेची वाटी सोडवून बॉनेटवर पांढऱ्या फडक्यावर उपडी केली, तर चहा गाळल्यावर उरतो तसा तपकिरी चोथा पडला. वाटी साफ केली, दहा मिनिटं चालली, परत बंद. टाकीच तशी होती, त्याला कोण काय करणार. गाडी ट्रेलरवर गेली, मालक आमच्या गाडीत बसले, आणि वाईला आधी सांगून ठेवलेला नाश्ता सगळ्यांनी गार खाल्ला.

तर करायचं एवढंच, की ड्राइव्हच्या आदल्या रविवारी गाडी चाळीस-पन्नास किलोमीटर पळवून आणा. नुसतं सपाटीवर नको, चढ पाहिजे. कोंढव्याकडच्या लोकांनी बोपदेव घाटातून सासवड करावं, कोथरूड-बावधनवाल्यांनी पिरंगुटचा घाट चढून पौडपर्यंत जावं. पोचलात की इंजिन बंद करून वीसेक मिनिटं चहा घ्या आणि मग परत स्टार्ट करा. हा वीस मिनिटांचा थांबा फार महत्त्वाचा आहे आणि लोक नेमका तोच गाळतात. इंजिन बंद झाल्यावर पाणी फिरायचं थांबतं, बॉनेटखालची गरमी वाढते, एसी पंपात (एअर कंडिशनर नव्हे, एसी कंपनीचा इंजिनवर चालणारा पेट्रोलचा पंप) आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि गाडी नुसतीच सेल्फ खाते. ड्राइव्हमध्ये चहाचे थांबे असतातच, तेव्हा हा खेळ सासवडला एकट्याने झालेला बरा. तसं झालंच तर घाबरून सेल्फ मारत राहून बॅटरी उतरवू नका, एसी पंपावर ओला फडका टाका, थोडं थांबा, बहुतेक वेळा चालू होते. एसयू कंपनीच्या इलेक्ट्रिक पेट्रोल पंपवाल्यांनी चावी फिरवल्यावर टकटक ऐकू येते का बघा, नसेल येत तर पंपाला पान्याच्या मुठीने हलकेच टोला द्या, आतले अडकलेले कॉन्टॅक्ट पॉइंट सुटतात. पण टोला देऊन चालणारा पंप तात्पुरताच चालतो, तो आमच्याकडे सोडून जा.

चक्कर झाली की बुधवारपर्यंत काय जाणवलं ते कळवा. काटा कुठे गेला, ब्रेक कुठल्या बाजूला ओढतात, घरी आल्यावर खाली डाग पडला का, पडला तर कसला. गुरुवार-शुक्रवार त्याच कामाला ठेवलेले असतात. शनिवारी आम्ही कोणाचीच गाडी घेत नाही, यावरून काही जण नाराज होतात, एवढी वर्षं येतोय आणि एक कार्बोरेटर बघून देत नाही म्हणतात. अहो, शनिवारी उघडलेल्या कार्बोरेटरची ट्रायल घ्यायची कधी? नवीन बसवलेला पार्ट निदान एकदा गरम होऊन गार व्हायला पाहिजे, नाहीतर तुमच्या घाटातच त्याची पहिली ट्रायल होणार. आणि बंद पडल्यावर नाव आमचंच निघणार, ते वेगळं.

पेट्रोलच्या नळ्यांबद्दल हल्ली रोज विचारतात म्हणून थोडं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचे रबरी होज, एसी पंपाचा डायफ्राम (आतला पडदा), कार्बोरेटरची पॅकिंग हे सगळं त्या जमान्यातल्या पेट्रोलसाठी बनलेलं, इथेनॉलने ते मऊ पडतं किंवा तडकतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकीतला जुना थर सोडवतं, म्हणजे वर सांगितलेला चोथा अजून वाढतो. होज बोटांनी दाबून वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या किंवा हाताला पेट्रोलचा वास राहिला की बदलायचा, गरम मॅनिफोल्डशेजारी पेट्रोल गळणं ही चेष्टा नाही. इथेनॉल सोसणारे होज आणि डायफ्राम आम्ही ठेवतो, बाहेरून घेतले तरी आमची हरकत नाही, फक्त नेहमीचा पाण्याचा पाइप कापून लावू नका, लोक लावतात.

टायरची नक्षी बघून खूश होऊ नका. जुन्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. साइडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३११४ असेल तर २०१४ सालचा एकतिसावा आठवडा. असा टायर दिसायला नवा असला तरी ड्राइव्हला नको. तारेच्या चाकांवाल्यांनी मधले नट तांब्याच्या हातोड्याने ठोकून यावं, हातोडा डिकीत ठेवावा.

बॅटरी उतरली तर जंप स्टार्टला दुसऱ्याच्या गाडीची केबल घेऊन धावण्याआधी आपली गाडी पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली, आहे का ते माहीत असू द्या. १९६७ च्या आधीच्या एमजीबी आणि त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या तशा आहेत, आणि नंतर कोणी बदलून घेतलेल्याही असतात, त्यामुळे पुस्तकावर जाऊ नका, बॅटरीची कुठली बाजू बॉडीला गेलीय ते डोळ्यांनी बघा. बॉनेटखाली चिकटवायचा स्टिकर आमच्याकडे फुकट मिळतो. डायनॅमोवाल्या गाड्या आयडलिंगवर जवळपास चार्ज करत नाहीत, म्हणून टोलच्या रांगेत हेडलाइट, हॉर्न आणि नंतर लावलेला म्युझिक सिस्टिम, सगळं एकदम नको.

आता लाइनीचं. सगळ्यात पुढे आमची गाडी, तिच्या मागे सगळ्यात हळू चालणारी, म्हणजे बहुतेक वेळा १२५० सीसीची एमजी टीडी, आणि वेग तिला झेपेल तो. जॅग्वारवाल्यांना हे जड जातं, माहीत आहे. पण सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि घाटातल्या दुधाच्या टेम्पोला तुमच्या गाडीचा इतिहास ठाऊक नसतो. मागच्या गाडीची जबाबदारी पुढच्याची. जिथे वळायचंय तिथे मागचा आरशात दिसेपर्यंत थांबायचं, मग वळायचं. एवढं सगळ्यांनी पाळलं तर कोणी चुकत नाही आणि मोबाइल हातात घ्यावा लागत नाही. घरच्या नवीन गाडीतून फॅमिली येणार असेल तर ती गाडी ट्रेलरच्या पुढे, शेवटी. मध्ये घुसवू नका, तिला ब्रेक लागतात आणि तुमच्या मागच्याला लागत नाहीत.

मांढरदेवीहून वाईकडे उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायचं डोक्यातून काढा, तापलेले ड्रम पकडायचे बंद होतात आणि बऱ्याच गाड्यांना ब्रेकचं एकच सर्किट असतं. परतीला सुरूरहून हायवेला लागलो तरी पुण्यात शिरताना आम्ही जुन्या कात्रज घाटाने येतो. लांब पडतं म्हणून कुरकुर होते, पण नवीन बोगद्यानंतर नवले पुलाकडचा उतार, मागे भरलेले ट्रक आणि दिवसभर तापलेले ब्रेक, यात आम्हाला पडायचं नाही. शाकंभरी पौर्णिमेच्या आसपास काळूबाईची यात्रा असते, तेव्हा या रस्त्याला ड्राइव्ह ठेवत नाही, त्या तारखा मागू नका.

कागदपत्रं नेहमीचीच, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी. ज्यांनी २०२१ च्या व्हिंटेज गाड्यांच्या नियमाप्रमाणे गाडी व्हीए नंबरच्या सिरीजमध्ये घेतलीय त्यांना ती रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि मेंटेनन्स यासाठी चालते, म्हणून आमचं ड्राइव्हचं पत्र सोबत ठेवा आणि ट्रायलला येताना जॉबकार्डही. फास्टॅग काचेला चिकटवायला जिवावर येतं हे मान्य, पण हातात धरून दाखवायचा टॅग ब्लॅकलिस्ट होतो, आणि टॅग नसेल तर यूपीआयने सव्वापट टोल. ठरवा काय ते.

पैशांचं विचारतात म्हणून सांगतो, ड्राइव्हच्या फीमध्ये नाश्ता, ट्रेलर आणि मागून येणारा मेकॅनिक धरलेला असतो. तपासणी वेगळी, पण आठवडाभर आधी गाडी दाखवलेल्यांची ट्रेलरवर चढली तर त्याचं वेगळं काही लावत नाही. न दाखवता आलेल्यांना पोचवतोच, रस्त्यात सोडत नाही, फक्त बिल येतं. ट्रेलर एकच आहे आणि त्यावर गाडी एकच बसते, दुसरी बंद पडली तर तिथेच थांबून वाट बघावी लागेल.

सॅन स्टॉर्मवाले दरवेळी बिचकत विचारतात, आमची चालेल का. चालते हो. फायबर बॉडी, दोन सीट, छप्पर उघडं, अजून काय पाहिजे, आणि रेनोचं इंजिन निमूट घाट चढतं. कॉन्टेसा आणि हेराल्ड पण चालतात. नाव देताना गाडीचं मॉडेल, टायरचे चार आकडे आणि शेवटची लांब चक्कर कधी झाली ते लिहून पाठवा. बॅटरी नवीन आहे हे लिहायची गरज नाही.