कर्ज माफ झालं आणि फॉर्म १०९९-सी आला, आता टॅक्स भरायचा का?

क्रेडिट कार्डाची थकबाकी बँकेनं सोडून दिली, वसुलीचे फोन थांबले, आणि पुढच्या जानेवारीअखेरीस टपालानं फॉर्म १०९९-सी, म्हणजे माफ झालेल्या कर्जाची नोंद असलेला कागद आला. त्याच्या दुसऱ्या रकान्यातली रक्कम आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या लेखी तुमचं उत्पन्न धरली जाते. "हातात दमडी आली नाही, मग उत्पन्न कसलं?" असं रिटर्नसाठी मदत मागायला आमच्याकडे येणारे बहुतेक जण विचारतात. कर्ज घेतलं तेव्हा ते फेडायचं होतं, म्हणून त्यावर कर लागला नाही. आता फेडायचं नाही, म्हणून ते उत्पन्न, असा कायद्याचा हिशेब आहे.

माफ झालेली रक्कम ६०० डॉलर किंवा जास्त असली की बँक हा फॉर्म काढते, आणि त्याची प्रत आयआरएसकडेही जाते. त्यामुळे तो बाजूला ठेवून देऊ नका. रिटर्नमध्ये त्याचा उल्लेख नसेल तर पुढे नोटीस येते, आणि तेव्हा जुने कागद शोधणं फार जड जातं.

कमाई कमी असेल तर सहसा मार्ग निघतो, आणि तो मार्ग म्हणजे नादारीची सवलत. कर्ज माफ होण्याच्या अगदी आधी तुमची एकूण देणी तुमच्या एकूण मालमत्तेपेक्षा जास्त असतील, तर जितकी जास्त तितक्या रकमेपर्यंत ही माफी उत्पन्नातून वगळता येते. त्यासाठी कोर्टात दिवाळखोरी जाहीर करावी लागत नाही.

समजा कार्डाचे ६,००० डॉलर माफ झाले. त्या वेळी देणी अशी होती: कार्ड ६,०००, हॉस्पिटलचं बिल ४,३००, गाडीचं कर्ज २,९००, एकूण १३,२००. मालमत्तेत जुनी गाडी ४,५००, बँकेत ७००, घरातलं सामान १,०००, निवृत्ती खात्यात २,०००, एकूण ८,२००. फरक ५,००० चा. म्हणजे ५,००० वगळले जातील आणि फक्त १,००० उत्पन्नात धरले जातील. निवृत्ती खातं धरायचं राहून जातं, आणि तिथेच हिशेब चुकतो. सामान आणि गाडी यांची किंमत आज विकलं तर काय मिळेल तीच धरायची, विकत घेतानाची नाही.

ही सवलत फॉर्म ९८२ भरून मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

"माझं सगळं उत्पन्न स्टँडर्ड डिडक्शनमध्येच बसतं, मग हा फॉर्म कशाला?" स्टँडर्ड डिडक्शन म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजा होणारी ठरावीक रक्कम. २०२५ सालासाठी एकट्या व्यक्तीला ते १५,७५० डॉलर आहे, तेव्हा कर शून्य येऊ शकतो, हे खरं. तरीही आम्ही फॉर्म ९८२ भरायचा आग्रह धरतो. माफ झालेली रक्कम उत्पन्नात राहिली तर मार्केटप्लेसवरच्या, म्हणजे सरकारी विमा बाजारातून घेतलेल्या आरोग्यविम्याचं अनुदान कमी होऊ शकतं, आणि कर्ज सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) घेणाऱ्या आई-वडिलांचं असेल, तर त्यांच्या त्या पेन्शनचा काही भाग करपात्र ठरू शकतो. वगळलेली रक्कम या हिशेबांत येत नाही. कर शून्य असूनही विम्याचा हप्ता चढला, तर तुटपुंज्या कमाईत ते फार लागतं.

सवलतीच्या बदल्यात मागच्या वर्षांतून पुढे ओढलेला तोटा किंवा मालमत्तेची करासाठीची किंमत (विकताना नफा मोजायला धरतात ती) कमी करावी लागते. ज्यांच्याकडे घर किंवा गुंतवणूक नाही, त्यांना याचा सहसा फरक पडत नाही.

येताना १०९९-सी आणा. पहिल्या रकान्यातली तारीख पाहा आणि त्याच महिन्याची बँकेची, कर्जांची आणि निवृत्ती खात्याची स्टेटमेंट्स सोबत ठेवा. फॉर्मवरची रक्कम चुकीची वाटत असेल तर रिटर्न भरण्याआधी बँकेला लेखी कळवा. ते पत्र लिहायला आम्ही मदत करू.