गैरवापर मुलाचा, अवलंबित्व आईचं

समजा, पुण्यात पीजीवर राहणारा एक समलिंगी मुलगा आहे. घरून लग्नाचा विषय निघाला की त्याची त्या रात्रीची झोप उडते. दिवाळीला घरी गेला तेव्हा आईच्या औषधांच्या डब्यातून त्याने अल्प्राझोलाम या चिंता कमी करणाऱ्या गोळीची अर्धी स्ट्रिप उचलून आणली. महिन्यातून दोनेकदा एखादी गोळी घेतो. आईला हीच गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेली आहे. ती तीन वर्षं रोज रात्री घेते, आणि एखाद्या दिवशी चुकली की तिचे हात थरथरतात.

यात व्यसनी कोण? बोट बहुतेक वेळा मुलाकडेच जाईल. उत्तर मात्र असं: गैरवापर मुलाचा, अवलंबित्व आईचं. आणि एवढ्यावरून व्यसन दोघांपैकी कुणाचंच ठरत नाही.

ही गल्लत आकडे वाचताना फार होते. अमेरिकेत औषध-वापराचं जे राष्ट्रीय सर्वेक्षण दरवर्षी होतं, त्यात २०१५पासून प्रौढांना लैंगिक कलही विचारतात. समलिंगी आणि उभयलिंगी (स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण वाटणाऱ्या) प्रौढांमध्ये डॉक्टरी औषधांचा गैरवापर जास्त आढळतो. वेदनाशामकांच्या बाबतीत उभयलिंगी स्त्रियांमधला फरक ठळक आहे. पण तिथे ‘गैरवापर’ म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं अशा कोणत्याही प्रकारे घेणं: दुसऱ्याची गोळी, जास्त मात्रा, ठरल्यापेक्षा जास्त दिवस. वर्षात एकदाच घेतलेली गोळीही त्यात मोजली जाते. बातमीत याचं ‘व्यसनाधीन’ कधी होतं, कळतही नाही.

अवलंबित्व ही शरीराची गोष्ट. मेंदूला औषध अंगवळणी पडतं आणि ते तुटलं की तो कुरकुरतो. व्यसनाचं निदान करताना डॉक्टर आणखी बरंच बघतात: अनावर ओढ, कामाची वाताहत, नुकसान दिसत असूनही न थांबणं. डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत असे ११ निकष आहेत आणि वर्षभरात त्यातले किमान २ लागू व्हावे लागतात. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सांगितल्याप्रमाणे घेतलं असेल तर हातांची थरथर त्यात धरत नाहीत.

मग समलिंगी-उभयलिंगी मंडळींत गैरवापर जास्त का? लपवाछपवी, टोमणे, कधी कळेल याची धास्ती. इलान मेयर या अमेरिकी संशोधकाने २००३ साली या कायमच्या ताणाची सविस्तर मांडणी केली. मला त्यात आपल्याकडची एक अगदी साधी अडचणही दिसते: फॅमिली डॉक्टर बाबांचे मित्र असतात. ‘झोप का येत नाही?’ या प्रश्नाला मुलगा तिथे काय उत्तर देणार? अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. दुकानदाराने रजिस्टरमध्ये नोंद करायची असते. आईच्या डब्याला रजिस्टर नसतं.

उपायही वेगळे. आईची गोळी एका झटक्यात बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते. ती डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायची. मुलाला बहुधा काही उतरवायचं नाहीच. त्याला स्वतःचा डॉक्टर हवा, आणि तोवर त्या गोळीवर दारू अजिबात नको, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावतात. बोलायला कुणी नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.