"व्हायचं ते होणारच" आणि "दुसरं काय होणार होतं": दैववाद आणि नियतत्ववाद एकच आहेत का?

पावसाळ्यात सांगलीत माणूस भेटला की तब्येत नंतर विचारतात, आधी "आयर्विनला किती झालं?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा जुना पूल, 1929 चा, आणि किती म्हणजे किती फूट. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका, हे इथं शाळेतल्या पोरांना पण पाठ असतं.

आकडा चढायला लागला की गल्लीत दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "व्हायचं ते होणारच, आपल्या हातात काय हाय." दुसरं, "कोयनेतनं एवढं पाणी सोडल्यावर दुसरं काय होणार होतं." दोन्ही ऐकायला एकच वाटतात, आपण पण एका दमात दोन्ही बोलून जातो, आणि मराठी पुस्तकांत तर दोन्हीला कुठं कुठं एकच शब्द वापरलेला दिसतो, नियतिवाद. मला स्वतःला हा घोळ निस्तरायला बरीच वर्षं लागली म्हणून लिहितोय. सोयीसाठी पहिल्याला दैववाद म्हणूया, दुसऱ्याला नियतत्ववाद. दुसरा शब्द जिभेला जरा जड आहे पण चालवून घ्या.

दैववाद म्हणतो की शेवट ठरलेला आहे, तुम्ही काहीही करा. यातला "काहीही करा" हा भाग महत्त्वाचा. परीक्षित राजाची गोष्ट आठवा, शाप मिळाला की सातव्या दिवशी तक्षक चावणार, मग राजाने एका खांबावर महाल बांधून घेतला, वैद्य बसवले, मांत्रिक बसवले, चोख बंदोबस्त, आणि तक्षक शेवटी फळातली अळी होऊन आलाच. राजा महालात न बसता जंगलात पळाला असता तर? तिथं पण आला असता, दुसरं कुठलं तरी रूप घेऊन. वाट कुठलीही धरा, मुक्काम तोच.

नियतत्ववाद असलं काही म्हणत नाही. तो म्हणतो प्रत्येक गोष्टीला आधीची कारणं असतात आणि ती सगळी कारणं जशीच्या तशी असली तर परिणाम पण तोच येणार, दुसरा येऊच शकत नाही. महाबळेश्वरात पाऊस पडला, 105 टीएमसीचं कोयना भरत आलं म्हणून दरवाजे उचलले, ते पाणी कराडात प्रीतिसंगमाला कृष्णेत मिळालं, खाली हरिपुरात वारणा आली, आणि या सगळ्याचा हिशोब आयर्विनच्या पट्टीवर दिसला. यात दैव कुठंच नाही, पाणी उताराकडे जातं एवढंच आहे. आणि मुख्य म्हणजे यातली एक कडी बदला, पाऊस कमी करा नाहीतर दरवाजे आधीपासून थोडे थोडे उघडा, की आयर्विनचा आकडा बदलतो. दैववादात कडी बदलून काही फरक पडत नाही, नियतत्ववादात सगळा फरक कडीनेच पडतो. दोन्हीकडे भविष्य एकच असतं हे खरं, पण एकात ते तुम्हाला वळसा घालून येतं आणि दुसऱ्यात तुमच्यातूनच येतं.

आमच्या शेजारी एक अण्णा आहेत, पिठाची गिरणी चालवतात. पाणी चढायला लागलं की दरवर्षी म्हणतात, "व्हायचं ते होणार बघ, देवानं लिवलेलं चुकत नाही." आणि हे म्हणत असताना हातात पाना असतो आणि चक्कीच्या मोटरचे बोल्ट खोलत असतात. गंजलेला बोल्ट असला की त्यावर रॉकेल सोडतात, दोन मिनिटं थांबतात, तोंडानं परत दैवाचं चालू, हात मात्र दैवावर एक मिनिट भरवसा ठेवत नाही. मोटर वरच्या मजल्यावर गेल्याशिवाय माणूस चहा घेत नाही. मी एकदा चेष्टेत म्हणालो, "अण्णा, लिहिलेलंच आहे म्हणता तर राहू दे की मोटर खाली," तर माझ्याकडे असं बघितलं की मी परत विषय काढला नाही.

तर हा जो माझा चेष्टेतला प्रश्न होता ना, तो फार जुना निघाला. ग्रीक लोक त्याला आळशी युक्तिवाद म्हणायचे. आजारातून उठायचं नशिबात असेल तर डॉक्टर बोलावला काय नि न बोलावला काय उठणारच, नसेल तर नाही उठणार, मग डॉक्टर कशाला? आपल्याकडं "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" म्हणतात तेच, फक्त ते लोक गंभीरपणे मांडायचे. याला उत्तर दिलं क्रिसिपस नावाच्या माणसानं, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातला स्टोइक, म्हणजे ग्रीकांतल्या एका तत्त्वज्ञान पंथातला. त्याचं स्वतःचं लिखाण जवळपास सगळं गेलं, हे उत्तर आपल्याला मिळतं ते रोमच्या सिसेरोमुळे, ज्याने ख्रिस्तपूर्व 44 मध्ये नियतीवर छोटं पुस्तक लिहिलं. आणि त्यात उदाहरण कसलं आहे माहितेय का, कुस्तीचं. मिलो नावाचा पैलवान ऑलिंपियाला कुस्ती खेळणार असं विधिलिखित आहे म्हणल्यावर कुणी जर म्हणेल "म्हणजे समोर जोडीदार असो नसो, मिलो कुस्ती खेळणार," तर तो मूर्खपणा आहे, कारण कुस्ती म्हणल्यावरच त्यात जोडीदार आला.

हे वाचल्यावर मला कुंडलचं मैदानच डोळ्यासमोर आलं. लाल मातीत एकटा पैलवान शड्डू ठोकून उभा, समोर कुणी नाही, आणि पंच म्हणतोय नियतीत कुस्ती लिहिलीय, सुरू करा. तर क्रिसिपसचं म्हणणं असं की "बरा होणार" एवढंच सुटं लिहिलेलं नसतं, "डॉक्टर बोलावून बरा होणार" असं जोडून लिहिलेलं असतं. अण्णांची मोटर वाचणार असं ठरलं असेल तर "अण्णांनी पाना लावून वर नेल्यामुळं वाचणार" असं ठरलंय, पाना त्याच यादीत आहे. क्रिसिपस सगळं ठरलेलं आहे हे मानायचा, हे लक्षात घ्या. तरी खाटेवर पडून राहायला त्याची हरकत होती.

आपल्याकडचा खरा कट्टर बघायचा तर मक्खली गोसाल, बुद्ध-महावीरांच्या काळातला, आजीवक पंथाचा. त्याचं मत बौद्धांच्या पाली ग्रंथांत येतं, विरोधकांनी नोंदवलेलं, त्यामुळं थोडं मीठ-मसाला असेल, पण उपमा जबरदस्त आहे. सुताचा गुंडा फेकला की दोरा संपेपर्यंत उलगडत जातो, तसेच शहाणे आणि मूर्ख दोघंही ठरलेले जन्म फिरून शेवटी सुटणार, ना कुणाच्या व्रतानं दोरा आखूड होणार ना कुणाच्या पापानं लांब.

याला जैन आगमात, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथांत, एक झक्कास उत्तर आहे. सद्दालपुत्त नावाचा कुंभार होता, आजीवक. महावीरांनी त्याला वाळत घातलेली मडकी दाखवून विचारलं, ही मेहनतीनं झाली की आपोआप? कुंभार पंथाला जागून म्हणाला, मेहनत वगैरे काही नसतं, सगळं नियत आहे. मग महावीर म्हणाले, बरं, उद्या कुणी येऊन ही मडकी फोडली किंवा तुझ्या बायकोवर हात टाकला तर? कुंभार म्हणाला, तर मी त्याला मारीन, बांधीन, सोडणार नाही. अरे पण मग नियत आहे ना सगळं, त्या माणसानं तरी काय केलं? तिथं कुंभार गप्प. (आमच्याकडचे बहुतेक जैन दिगंबर आणि ही गोष्ट श्वेतांबर आगमातली, त्यामुळं अण्णांना पण ऐकून माहीत नव्हती. ऐकून खूश झाले, म्हणाले कुंभार आपल्यासारखाच हाय.)

आता इथं एक गडबड आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. महावीरांचा हा प्रश्न दैववाद्याला तर गार करतोच, पण थोडा चटका नियतत्ववाद्याला पण बसतो. मडकी फोडणाऱ्याचा राग, त्याचा मेंदू, त्याचं बालपण, सगळं आधीच्या कारणांनी घडलेलं असेल तर त्याला दोष कसा द्यायचा? याच्यावर दोन तट पडतात. ह्यूम, 1748 च्या आसपासचा स्कॉटिश तत्त्वज्ञ, म्हणतो की स्वातंत्र्य म्हणजे कारणांतून सुटणं नव्हेच, आपल्या इच्छेप्रमाणे वागता येणं आणि कुणी साखळदंडानं बांधलेलं नसणं म्हणजे स्वातंत्र्य, ते असलं की जबाबदारी आली. दुसरा तट म्हणतो हे शब्दांचे खेळ आहेत, कारण ती इच्छा तरी तू कुठं निवडलीस? 1983 मध्ये पीटर व्हॅन इनवॅगन या तत्त्वज्ञानं हे नीट बांधून मांडलं, म्हणजे साधारण असं की निसर्गाचे नियम आपल्या हातात नाहीत, आपल्या जन्माआधीचा भूतकाळ आपल्या हातात नाही, आणि आजचं वागणं त्या दोन्हींतूनच निघत असेल तर ते तरी हातात कसं? मला स्वतःला ह्यूम पटतो, पण रात्री अंथरुणात पडल्यावर दुसरा पटतो.

आणखी एक गोष्ट लोक यात कालवतात ती म्हणजे भाकीत. 1814 मध्ये लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने लिहिलं की विश्वातला प्रत्येक कण या क्षणी कुठं आहे आणि त्यावर कुठली बलं आहेत हे माहीत असणारी बुद्धी असेल तर तिला भूत-भविष्य सगळं दिसेल. यावरून वाटतं नियतत्ववाद खरा म्हणजे सगळं सांगता यायला पाहिजे. तसं नाही. 1963 मध्ये लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने हवामानाच्या साध्या समीकरणांतून दाखवलं की सुरुवातीच्या आकड्यात बारीकसा फरक असला तरी पुढं गणित कुठल्या कुठं जातं, आणि ती समीकरणं मात्र पूर्ण नियत होती. म्हणजे ठरलेलं असणं वेगळं आणि आपल्याला कळणं वेगळं. ज्योतिषाला तर या भांडणात आणूच नका. क्वांटम भौतिकशास्त्रवाले म्हणतील की अणूच्या पातळीवर सगळं ठरलेलं नसतंच, असेल बापडं, पण फासे टाकून माझा हात हलला म्हणून मी जास्त स्वतंत्र झालो असं मला तरी वाटत नाही.

आणि "कर्म"? या शब्दाची तर आपण वाटच लावलीय. कर्म म्हणजे केलेलं काम, मुळात करण्याचा शब्द, पण आपण कपाळाला हात लावून "काय माझं कर्म!" म्हणतो तेव्हा तो सोसण्याचा शब्द झालेला असतो. वेदान्तात प्रारब्ध म्हणजे धनुष्यातून सुटलेला बाण, तो आता जाणारच, पण भात्यात अजून बाण आहेत आणि ते अजून सुटलेले नाहीत. हे दैववादापेक्षा कारण-परिणामाच्या जवळचं आहे, फक्त हिशोब जन्मोजन्मी चालतो.

आता माझंच सांगतो. आमचं घर गावभागात. 2005 च्या पुरात आयर्विनला 53 फुटांच्या वर गेलेलं, तेव्हा घरात पाणी कुठपर्यंत आलं ती रेघ वडिलांनी जिन्याजवळ निळ्या ऑइलपेंटनं मारून ठेवलेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये मी मोठ्या शहाणपणानं पुस्तकांची खोकी त्या रेघेच्या वीतभर वर फळीवर ठेवली आणि निर्धास्त झालो. त्या वर्षी 57 फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर खोकी उघडली तर पानं चिकटून एकेका पुस्तकाची वीट झालेली, आणि तो वास, गाळाचा आणि ओल्या कागदाचा, अजून नाकात आहे. (2005 च्या वर जाणार नाही हे ना दैववाद ना नियतत्ववाद, ही तिसरीच भानगड, कालपर्यंत झालं नाही म्हणून उद्या होणार नाही असं धरून चालायची. यावर पण ह्यूमनेच लिहून ठेवलंय, पण ते परत कधीतरी.)

तेव्हा मावशी म्हणाली, "जाऊ दे रे, जायची होती ती गेली." प्रेमानं म्हणाली पण मला ते पटलं नाही. जायची होती म्हणजे काय, जिना चढून वर ठेवली असती तर नसती गेली, अण्णांची मोटर नाही गेली. दैववाद इथं सरळ सरळ खोटा पडतो, त्याला भिंतीपलीकडचा पुरावा आहे. पण दुसरा प्रश्न तसा सुटत नाही. त्या संध्याकाळी ती निळी रेघ समोर, मला आलेला कंटाळा, दिवसभर वाहून दुखणारी पाठ, वर आधीच रचलेलं तांदळाचं पोतं आणि गाद्या, हे सगळं जसंच्या तसं असताना मी खोकी वर नेली असती का? मी बऱ्याचदा ती संध्याकाळ परत लावून बघतो आणि दर वेळी मी खोकी फळीवरच ठेवतो. मावशीला उत्तर आहे माझ्याकडं, याला नाही.

आता जिन्याजवळ दोन रेघा आहेत. वरची मी मारली, लाल रंगानं, स्टुलावर चढून.