जुन्या ट्रॅक्टरला रंग देताना पैसा कुठे घालायचा?

यवतमाळ-वाशीमकडे दसरा जवळ आला की जुना ट्रॅक्टर आणि ट्रॉली रंगवायचा विषय निघतो. पैसा बेताचाच असतो आणि तो बहुतेक वरच्या चकचकीत रंगात संपतो. माझ्या मते तो आधी खालच्या पत्र्यावर लागायला हवा.

लोखंडाला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन मिळाला की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्यामुळे रंगाखाली राहिलेला गंज फुगत जातो आणि वरच्या थराचे पोपडे उचलतो. ट्रॉलीचा तळ तर फारच लवकर सडतो, कारण त्यातून खताची पोती जातात. म्युरेट ऑफ पोटॅश या खतामध्ये क्लोराइड असतं; ओल लागली की ते गंजाचा वेग वाढवतं. हे क्षार नुसत्या घासण्याने जात नाहीत, म्हणून आधी भरपूर पाण्याने धुवा.

मग तेलकटपणा. डिझेलच्या फडक्याने पुसलेला ट्रॅक्टर चमकतो खरा, पण डिझेलचा पातळ थर मागे राहतो. त्यावर रंग नीट पसरत नाही, जागोजागी खळगे पडतात. कपडे धुण्याची पावडर आणि गरम पाणी यांनी काम भागतं. गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढल्यावर पत्र्यावर स्वच्छ पाणी ओतून बघा. पाणी सलग पसरून राहिलं तर तेल गेलं. थेंब जमले तर पुन्हा धुवा. ही परीक्षा फुकट आहे आणि मला सगळ्यात भरवशाची वाटते.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, पाणी लावून घासा, आणि मुलांना लांब ठेवा. मात्र उघडा पत्रा ओला राहिला तर लगेच लालसर होतो. तो पटकन कोरडा करून त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारा.

वरून सिंथेटिक एनॅमल परवडतो. त्यातलं थिनर उडून जातं, पण रंग खरा कडक होतो तो त्यातल्या तेलाची हवेतल्या ऑक्सिजनशी अभिक्रिया होऊन. जाड थर दिला की वर साय धरते, आत ऑक्सिजन पोचत नाही आणि सुरकुत्या पडतात. म्हणून पातळ हात द्या, मध्ये वाळू द्या.

मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, तापलेल्या पत्र्यावर स्प्रे मारला तर थेंब पोचायच्या आधीच सुकू लागतात आणि रंग खरखरीत होतो. पावसाळ्यात थिनर उडताना पत्रा थंड होतो, त्यावर हवेतलं बाष्प जमतं आणि चमक मरते. पाऊस सरल्यावर, दव वाळल्यानंतरची सकाळ आपल्याकडे उत्तम.

हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) मिसळायचा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग जास्त टिकतो. पण त्यातलं आयसोसायनेट हे रसायन दम्यासारखा त्रास देतं आणि तोंडाला बांधलेला दुपट्टा ते अडवत नाही. योग्य मास्क नसेल तर घरी तो स्प्रे करूच नका. एनॅमल ब्रशने मारा.